एक उतारा, एक नाव

बायबल नाही असं मराठी ख्रिस्ती घर सहसा सापडत नाही. बहुतेक घरांत ते जपलेलं असतं. त्याला कव्हर घातलेलं असतं, पहिल्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा लिहिलेल्या असतात. अडतं ते रोज उघडण्यापाशी. नवीन वर्ष लागलं की कितीतरी जण ठरवतात, यंदा पूर्ण बायबल वाचून काढायचं. उत्पत्तीची पानं भराभर उलटतात, कारण तिथे गोष्टी आहेत. निर्गमाचा पहिला भागही चटकन होतो. मग निवासमंडपाची मापं येतात, लेवीय येतं, अर्पणांचे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम येतात आणि फेब्रुवारी संपायच्या आत वाचन थांबतं. थांबलं की मनाला टोचणी लागते आणि त्या टोचणीपायी बायबल आणखीच दूर राहतं.

हा लेख अशा अडलेल्या वाचकांसाठी आहे. तुमची मंडळी कोणतीही असो, तुम्ही कॅथलिक असा वा प्रोटेस्टंट, मला सांगायचं आहे ते एकच. रोज थोडं वाचा, त्या थोड्यापाशी थांबा आणि त्या दिवसाच्या मननाचा शेवट एका माणसाच्या नावावर करा. ते नाव घरातल्या कुणाचं असेल, ऑफिसातल्या कुणाचं, ज्याच्याशी बोलणं टाकलंय त्याचंही असेल. उतारा वाचून कुणाचंच नाव मनात आलं नाही, तर वाचन बहुधा आपल्यापाशीच घुटमळलं असं समजावं आणि तोच उतारा दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा.

सुरुवात मार्काच्या शुभवर्तमानापासून करा. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. त्यात येशू सतत चालताना, माणसांना भेटताना दिसतो. प्रवचनं कमी आणि प्रसंग जास्त, त्यामुळे नव्याने वाचणारा हरवत नाही. रोज दहा-बारा वचनं घेतली तरी साधारण दोन महिन्यांत ते पूर्ण होतं. मात्र अध्यायाचा आकडा संपला म्हणून थांबू नका आणि संपला नाही म्हणून ओढत नेऊ नका. अध्यायांची आज वापरात असलेली विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातल्या वचनांचे आकडे 1551 मधले. मूळ लेखकांनी ते घातलेले नाहीत. प्रसंग जिथे संपतो तिथे आपलं वाचन संपावं.

कॅथलिक वाचकांना उतारा निवडण्याचीही गरज नाही. मिस्सासाठी रोजची वाचनं ठरलेली असतात. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने फिरतात आणि आठवड्याच्या इतर दिवसांतलं शुभवर्तमान दरवर्षी तेच येतं. मिस्साला जाता आलं नाही तरी त्या दिवसाचा उतारा घरी वाचता येतो. जगभरच्या कॅथलिक मंडळ्यांत त्या दिवशी तोच उतारा वाचला जात असतो, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. बायबलचं वाचन हे फादर-सिस्टरांचं काम अशी समजूत आपल्याकडे बराच काळ होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये दैवी प्रकटीकरणाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सर्वच श्रद्धावंतांना बायबल वारंवार वाचण्याचा आग्रह केला, तरी ती समजूत पूर्ण गेलेली नाही.

भाषांतर कोणतं घ्यावं, हा प्रश्न नेहमी येतो. ज्या भाषांतरावर तुमचा कान लहानपणापासून पोसलाय ते सोडू नका. पाठ झालेली वचनं त्याच शब्दांत संकटात आठवतात. पण वाक्याचा अर्थ लागत नसेल तर शेजारी एक सोपं भाषांतर असू द्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ या कामी फार उपयोगी पडतं, कारण त्यात टिपा आहेत आणि भाषा आजची आहे. हेच दिब्रिटो 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या कितीतरी आधी पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हीच गरज ओळखली होती. कमी शिकलेल्या बायकांना शास्त्र आपलं आपण वाचता यावं, म्हणून त्या उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल त्यांनी साध्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, तोपर्यंत ते काम त्यांनी पूर्णत्वाला नेलं होतं. एवढ्या कष्टाने आपल्या हाती आलेलं पुस्तक समजत नाही म्हणून मिटून ठेवणं मला पटत नाही. समजत नसेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि रविवारी पाळकांना किंवा फादरना विचारा. त्यांनाही असे प्रश्न हवे असतात.

थांबायचं म्हणजे काय करायचं, हे एका उताऱ्यावरून दाखवतो. मार्काच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी बार्तिमयाची गोष्ट आहे, 46 ते 52 ही सात वचनं. आधी मोठ्याने वाचा, घरातल्यांना ऐकू गेलं तरी चालेल. डोळे वाक्यांवरून घसरतात, जिभेला मात्र प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं. मग पुस्तक बाजूला ठेवून आपल्या शब्दांत तो प्रसंग मनाशी सांगून बघा. यरीहो गाव मागे पडतंय, येशूबरोबर शिष्य आणि मोठा जमाव आहे, वाटेच्या कडेला एक आंधळा भिकारी बसलाय. येशू चाललाय हे कळल्यावर तो हाका मारू लागतो. लोक त्याला गप्प बसायला सांगतात. तो आणखी ओरडतो. येशू थांबतो आणि त्याला बोलवा म्हणतो. आता तेच लोक त्याला धीर देऊ लागतात. तो अंगावरचा झगा टाकून उठतो. येशू त्याला विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू अशी तुझी इच्छा आहे. त्याला दृष्टी हवी असते, ती मिळते, आणि तो घरी न जाता येशूच्या मागे वाटेने चालू लागतो.

आता पुस्तक पुन्हा उघडा आणि सांगताना आपल्याकडून काय निसटलं ते बघा. पुष्कळदा झग्याची गोष्ट निसटते. भिकाऱ्यापाशी असून असून काय असणार? तो झगाच त्याचं अंथरूण, तेच पांघरूण. येशूचा प्रश्नही निसटतो. आंधळ्या माणसाला काय हवंय हे काय विचारायचं, असं वाटून आपण पुढे जातो. पण थोडं मागे जाऊन त्याच अध्यायाचं 36 वं वचन बघा. तिथे येशूने जवळजवळ हाच प्रश्न याकोब आणि योहान या आपल्या शिष्यांना विचारलाय. त्यांना त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा हव्या होत्या. एकाच अध्यायात तोच प्रश्न दोन वेळा, एकदा मान मागणाऱ्यांना आणि एकदा दृष्टी मागणाऱ्याला. आणखी मागे, 13 व्या वचनात, लहान मुलांना आणणाऱ्या लोकांना शिष्य दटावतात. म्हणजे येशूपर्यंत पोचू पाहणाऱ्याला आडवं येण्याचं काम या अध्यायात दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा ते येशूच्या सोबतच्या लोकांनी केलंय.

इथे मनन आपल्या घरात शिरतं. मी कुणाला गप्प करतो? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्या म्हाताऱ्या वडिलांना? जेवणाच्या टेबलावर काही बोलू पाहणाऱ्या सुनेला? मंडळीच्या सभेत हिशेबाबद्दल प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला? एक नाव निश्चित करा. मग प्रार्थनेत त्या माणसाला देवापुढे आणा आणि आज त्याच्यासाठी काय करायचं ते ठरवा. ते अगदी छोटं असावं. संध्याकाळी वडिलांच्या शेजारी बसून, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून, ते सांगतील ते ऐकायचं, मधे ‘हे सांगितलंत की’ म्हणायचं नाही. एवढं पुरे. मनात चांगले विचार आले आणि दिवसात काहीच हललं नाही, तर काय उपयोग? याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच विचारलंय. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसता सुखाने जा असा निरोप देऊन त्याच्या पोटात काय पडणार, असा तो रोकडा सवाल आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. वचन सुटं काढून आपल्या नावावर लावून घेण्याची आपल्याला फार सवय आहे. काही मंडळ्यांत सरत्या वर्षाच्या उपासनेला वचनकार्डं वाटतात, घराघरांत दिनदर्शिकेवर वचनं असतात, सकाळी व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रावर वचन येतं. त्यातून कुणाला धीर मिळाला तर चांगलंच आहे. पण ते वाचन नव्हे. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचा कौल मानायचं, हे तर पूर्ण सोडून द्यावं.

यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातलं 11 वं वचन बघा. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, आशेचं भविष्य आहे, अशा आशयाचं हे वचन नोकरी लागली, परीक्षा आली, लग्न ठरलं की हमखास निघतं. ते आलंय एका पत्रात. यरुशलेमेतून यिर्मयाने ते बाबेलला कैद करून नेलेल्या आपल्या माणसांना लिहिलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतोय की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळ जण परतीचा दिवस न बघताच मरणार होते. त्यांना तो सांगतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. तेही शत्रूचं नगर! 11 वं वचन या सगळ्याच्या नंतर येतं. सात-आठ वचनं मागून वाचायला लागलं की ते वैयक्तिक यशाची हमी राहत नाही, ते जबाबदारीची हाक होतं. या उताऱ्यावरून निघणारी प्रार्थना आपल्या प्रमोशनची नसते, आपण राहतो त्या सोसायटीची, गल्लीची, गावाच्या पाण्याची असते. सोसायटीत सगळ्यांत कुणाचे हाल चाललेत, हे शोधण्यापासून तिची सुरुवात होते.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या 13 व्या वचनाचंही तसंच होतं. सगळं काही करायला मी समर्थ आहे, असं ते परीक्षेच्या आधी म्हटलं जातं. पौल हे कैदेतून लिहितोय आणि आधीच्या दोन वचनांत तो सांगतोय ते अन्न असताना आणि उपाशी असताना, दोन्ही वेळा समाधानाने कसं राहायचं ते. नापास झालेल्या मुलालाही हे वचन तितकंच लागू आहे, हे आपण त्याला सांगतो का?

आता प्रार्थनेकडे येतो. मोठ्याने प्रार्थना करायला सांगितली की कितीतरी लोकांची भाषाच बदलते. एरवी घरात सरळ बोलणारा माणूस ‘हे परमकृपाळू, सर्वसमर्थ’ असं सुरू करतो आणि त्याच त्या ठरीव वाक्यांत अडकतो. एकटे असाल तेव्हा आपल्या घरच्या भाषेत बोला. सामवेदी, वाडवळी, कोकणी, नगरी, जी तुमची असेल ती. गावठी बोललं म्हणून देवाचा काही अवमान होत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत, मराठी माणसाच्या ओठांवर बसेल अशा चालीत गायली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची गीतं आजही ‘उपासना संगीता’त आहेत आणि पेटी-तबल्यावर म्हटली जातात. सकाळी प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर त्यातलं एखादं कडवं गुणगुणा. गाण्याला आवाज लागतो असं नाही.

आणि तक्रार करायला घाबरू नका. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातल्या कितीतरी स्तोत्रांत रडणं आहे, जाब विचारणं आहे. 13 वं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं आहे. सुरुवातीला स्तोत्रकर्ता देवाला पुन्हा पुन्हा विचारतो की हे किती काळ चालणार, आणि शेवटी तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गाऊ लागतो. पण प्रत्येक वेळी असं होत नाही. 88 वं स्तोत्र अंधारावरच संपतं, शेवटी कुठेही उजेड नाही. असं स्तोत्र बायबलमध्ये आहे, याबद्दल मी देवाचे फार आभार मानतो. ज्या घरात नुकतं तरुण माणूस गेलंय, तिथे लगेच आनंदाची वचनं वाचणं हा अन्याय आहे. तिथे हे स्तोत्र वाचावं.

प्रभूची प्रार्थना आपण इतक्या वेगाने म्हणतो की तिच्यात काय मागितलं हे म्हणून झाल्यावर आठवत नाही. आठवड्यातून एकदा ती थांबत थांबत म्हणून बघा. एकेका मागणीनंतर थांबायचं. ती सगळी अनेकवचनात आहे. अन्नाची मागणी म्हणजे फक्त माझ्या ताटाची नव्हे, तेव्हा तिथे थांबून ज्याच्या घरी या महिन्यात ओढाताण आहे त्याचं नाव घ्या. क्षमेच्या मागणीपाशी, ज्याच्याविषयी मनात राग धरलाय त्याचं. हे अवघड जातं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू त्याहून अवघड सांगतो. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर भावाची आपल्याविरुद्ध काही तक्रार आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवायचं आणि आधी जाऊन त्याच्याशी समेट करायचा. शेताच्या बांधावरून, वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून कोर्टात उभी असलेली भावंडं एकाच चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसतात. त्यांच्यासाठी हा उतारा फार जवळचा आहे. समेट लगेच होईल असं नाही, हक्क सोडावा असंही नाही. पण दिवाळीला, नाताळला फोन करण्यापासून तो सुरू होऊ शकतो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी एक वही ठेवा. तारीख, नाव आणि एका ओळीत गरज. उत्तर मिळालं की पुढे लिहा, नाही मिळालं तर जागा कोरी राहू द्या. यादी वाढत गेली की वारांप्रमाणे नावं वाटून घ्या, सोमवारी नातेवाईक, मंगळवारी शेजारी, असं. घरसभेत मात्र जपून. प्रार्थनेचा विषय म्हणून दुसऱ्याच्या घरातली भानगड सांगितली जाते आणि ती मंडळीभर होते. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारावं.

वेळ कधी काढायचा? पहाटेची वेळ उत्तम, असं सगळे सांगतात. मला इथे पुरुष वाचकांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. पाच वाजता उठून पाणी भरायचं, तीन डबे करायचे, मुलांना उठवायचं, हे ज्या बाईच्या वाट्याला आहे तिला पहाटेची शांत वेळ कुठून मिळणार? तुम्ही हॉलमध्ये शांतपणे बायबल वाचत असाल, तर ती शांतता तिने कमावलेली आहे. आठवड्यातले निदान दोन-तीन दिवस तुम्ही चहा ठेवा, पोळ्या लाटा, डबे भरा आणि ती वेळ तिला द्या. कामाच्या पाळ्या असणाऱ्यांनी पहाटेचा हट्ट सोडावा. एमआयडीसीत रात्रपाळी करून येणाऱ्याची सकाळ दुपारी उगवते. विरार किंवा बदलापूरहून लोकल धरणाऱ्यांना गर्दीत पुस्तक उघडता येत नाही. त्यांनी 121 वं स्तोत्र पाठ करावं. आठच वचनं आहेत आणि ती प्रवासाला निघालेल्या माणसाचीच आहेत. मोबाईलवर मराठी बायबल वाचता येतं, ऐकताही येतं, फक्त ते उघडण्याआधी नोटिफिकेशन बंद करा.

कुटुंबप्रार्थना जेवणाच्या आधी घ्या. जेवणानंतर लहान मुलं पेंगतात आणि मोठेही. दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नका. मुलांना बोध सांगण्याची घाई करू नका, त्यांना विचारा, तू तिथे असतास तर कुठे उभा राहिला असतास? मुलं फार खरी उत्तरं देतात. वसईच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी एकत्र बसून जपमाळ म्हणण्याची रीत आहे. तिची बरीचशी रहस्यं शुभवर्तमानातले प्रसंगच आहेत, तेव्हा त्यातल्या एकाचा उतारा आधी वाचून घेतला तर ओठांवरच्या शब्दांना आतून आधार मिळतो. मरियेने अलीशिबेची भेट घेतली तो प्रसंग लूकाच्या पहिल्या अध्यायात आहे. स्वतः गरोदर असलेली ती तरुण मुलगी डोंगराळ भागात वृद्ध गरोदर नातेवाईक बाईकडे जाते आणि जवळपास तीन महिने राहते. जपमाळ संपल्यावर विचारावं, आपल्या नात्यात सध्या कुणाच्या घरी हाताखाली माणूस हवंय?

झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी करा. संत इग्नाती लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही पद्धत शिकवली आणि जेझुइट फादर ती आजही पाळतात. दिवसभराबद्दल आधी देवाचे आभार मानायचे, मग सकाळपासूनचा दिवस मनात उलगडत जायचा, कुठे प्रेमाने वागलो, कुठे तोंड फिरवलं ते बघायचं, क्षमा मागायची आणि उद्यासाठी मदत. सकाळी जे नाव ठरवलं होतं त्याचं काय झालं, हे इथे तपासलं जातं. जमलं नसेल तर उद्याच्या पानावर तेच नाव पुन्हा लिहा.

महिनोन्महिने काहीच जाणवत नाही, असेही काळ येतात. वचन कोरडं लागतं, प्रार्थना छताला आपटून परत येते असं वाटतं. अशा वेळी आपली श्रद्धाच खोटी होती की काय, या विचाराने माणूस खचतो. मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्यांनी कित्येक दशकं आतल्या अंधारात काढली होती हे जगाला कळलं. त्या काळातही त्यांची रोजची प्रार्थना थांबली नाही आणि रस्त्यावरच्या माणसांची सेवाही थांबली नाही. कोरड्या काळात उतारा लहान करा, दोन-तीन वचनांवर या, आपले शब्द नसतील तर स्तोत्रांचे शब्द वापरा, आणि त्या दिवसाचं नाव मात्र सोडू नका. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा. प्रार्थनेवर विश्वास असलेल्या माणसाने गोळ्या घेऊ नयेत, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पौलाने ज्याला प्रिय वैद्य म्हटलं त्या लूकाच्या नावाने आपल्याकडे एक शुभवर्तमान आहे. मिरजेला डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तिथेही प्रार्थना आणि शस्त्रक्रिया हातात हात घालूनच चालल्या.

नाव काढताना एक उंबरठा आपण ओलांडत नाही, तो म्हणजे जातीचा. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं 28 वं वचन, ख्रिस्तात यहूदी-ग्रीक, दास-स्वतंत्र हे भेद उरले नाहीत असं सांगणारं, आपल्याला पाठ असतं. मुलामुलीचं लग्न निघालं की मात्र पूर्वीची जात विचारली जाते, दफनभूमीतल्या जागेपर्यंत तिची आठवण ठेवली जाते. हे वचन वाचाल त्या दिवशी निघणारं नाव अशा माणसाचं असू द्या, ज्याच्या घरी तुम्ही आजवर जेवला नाहीत. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या निमित्ताने पुन्हा वाचा. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने पुढे परक्यांची किती मुलं आपल्या घरात वाढवली, हे त्यात आहे.

आजाऱ्याच्या भेटीला जाताना वचन कसं न्यावं, हे अजून सांगायचं राहिलं, कारण रोजच्या नावांपैकी पुष्कळ नावं शेवटी हॉस्पिटलमध्येच भेटतात. आधी विचारा, वाचू का? पेशंट ख्रिस्ती नसेल तर प्रार्थनेसाठी आवर्जून परवानगी घ्या आणि नको म्हटलं तर मनात करा. 23 वं स्तोत्र सहा वचनांचं आहे, तेवढंच वाचा, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा विचार करून. पापामुळे आजार येतो वगैरे बोलू नका. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाविषयी तसं विचारलं तेव्हा येशूने ते साफ नाकारलं होतं. पाच मिनिटांत आटपा. मग वॉर्डबाहेर, रात्र रात्र बाकावर काढणाऱ्या नातेवाइकाला गाठा, त्याने जेवण केलंय का ते बघा आणि आज रात्री त्याच्याऐवजी थांबायला कुणी आहे का, ते विचारा. नसेल तर तुम्ही थांबा.